फ्युएल सेलच्या एक्झॉस्टमधली उष्णता पकडायचीय? कॅटॅलिटिक बर्नर असा बसवा

एसओएफसी, म्हणजे सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, इंधन न पेटवता त्याची थेट वीज करणारं यंत्र, पहिल्यांदा चालवणाऱ्याला एक गोष्ट लगेच खुपते. सिलिंडर आणायचा, पैसे मोजायचे, हायड्रोजन आत सोडायचा आणि त्यातला पाव हिस्सा जसाच्या तसा दुसऱ्या टोकाने बाहेर. मग डोक्यात येतं की अजून करंट ओढू, सगळाच वापरून टाकू. तसं करू नका. ॲनोडमध्ये, म्हणजे इंधनाच्या बाजूच्या थरात, निकेल असतं, बाहेर पडायच्या टोकाला इंधन संपलं की त्या निकेलचं निकेल ऑक्साइड व्हायला लागतं, ते फुगतं आणि सेल तडकतो. म्हणून फ्युएल युटिलायझेशन, म्हणजे आत सोडलेल्यापैकी वापरलेलं इंधन, ७० ते ८५ टक्क्यांत ठेवतात आणि उरलेलं जाऊ देतात. आता त्या उरलेल्याचं करायचं काय, एवढाच प्रश्न.

उघड्यावर सोडता येत नाही, हायड्रोजन पेटतो, आणि रिफॉर्मर (नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करणारं यंत्र) लावला असेल तर सोबत कार्बन मोनॉक्साइड असतो, तो माणूस मारतो. साध्या ज्योतीवर जाळायला गेलात तर ज्योत टिकत नाही कारण त्या गॅसमध्ये इंधन कमी आणि वाफच जास्त, ओल्या लाकडांची चूल फुंकत बसल्यासारखं होतं. इथे कॅटॅलिटिक बर्नर कामाला येतो. गॅस आणि हवा प्लॅटिनम-पॅलॅडियम लावलेल्या जाळीदार विटेतून जातात, ज्योत न होता पृष्ठभागावरच जळतात, आणि तापमान ज्योतीपेक्षा बरंच कमी राहतं त्यामुळे नायट्रोजन ऑक्साइडही जवळपास होत नाहीत. बाईकच्या सायलेन्सरमध्ये असते ना कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची ती भोकाभोकांची वीट, दिसायला अगदी तीच.

युक्ती जुनी आहे. १८२३ मध्ये जर्मनीत येना इथे डोबेरायनर नावाच्या केमिस्टने हायड्रोजनची धार हवेत प्लॅटिनमच्या स्पंजवर सोडली, आणि काडी नाही ठिणगी नाही तरी प्लॅटिनम लालभडक होऊन गॅस पेटला. त्याने मग त्याचा लायटरच केला, बरणीत जस्त आणि सल्फ्युरिक ॲसिड, वर प्लॅटिनम. आपल्याला यातली फक्त पहिली अर्धी गोष्ट हवी आहे, प्लॅटिनम गरम व्हावं पण पुढे भडका नको.

एक खुलासा आधीच करतो. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये सीएसआयआर आणि केपीआयटीची हायड्रोजन बस दाखवली ती पीईएम म्हणजे पॉलिमरच्या पडद्याच्या प्रकारातली, तिचा स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलची चळत) १०० डिग्रीच्या खाली चालतो, तिथे हे सगळं लागू नाही. हे ६००-८०० डिग्रीवाल्या एसओएफसीसाठी आहे, आणि लॅबमध्ये, गॅस डिटेक्टर आणि एक्झॉस्ट हूड असलेल्या जागी करायचं आहे, घराच्या गच्चीवर नाही.

आधी कागद-पेन घ्या

बर्नर विकत घ्यायच्या आधी आकडेमोड करा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि पुढचे सहा महिने वाचतात. १ किलोवॉटचा स्टॅक धरू, ३० सेल, प्रत्येक ०.८ व्होल्टवर. म्हणजे २४ व्होल्ट, करंट साधारण ४२ अँपिअर. एका सेलला एका अँपिअरमागे मिनिटाला सुमारे ७ मिलिलिटर हायड्रोजन लागतो, हा आकडा पाठच करून ठेवा. तर ३० सेल आणि ४२ अँपिअरला झाले मिनिटाला ८.७ लिटर. युटिलायझेशन ७५ टक्के धरलं तर आत सोडायचा ११.६ लिटर आणि न वापरता बाहेर पडणार २.९ लिटर. (७ घनमीटरचा मोठा सिलिंडर या हिशोबाने दहा तासांत रिकामा, म्हणून म्हटलं खुपतं.)

हे २.९ लिटर जाळले तर मिळतात सुमारे ५२० वॉट. १ किलोवॉट विजेमागे अर्धा किलोवॉट उष्णता नुसती धुराड्यातून.

आता हवा. एसओएफसीला हवा नुसती ऑक्सिजनसाठी नाही तर थंड करायलाही लागते, म्हणून गरजेच्या चौपट वगैरे देतात. आपल्या केसमध्ये मिनिटाला ८३ लिटर. स्टॅकमधून बाहेर पडताना त्यात १६-१७ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणजे बर्नरसाठी वेगळी हवा आणायची गरजच नाही, कॅथोडचा, म्हणजे हवेच्या बाजूचा, एक्झॉस्ट तोच वापरायचा. दोन्ही मिसळले की ९० लिटर गॅसमध्ये हायड्रोजन येतो ३.२ टक्के. आणि इथे दुसरा पाठ करायचा आकडा: १ टक्का हायड्रोजन जळला की गॅस ७०-८० डिग्रीने तापतो. म्हणजे ३.२ टक्क्यांना सव्वादोनशे-अडीचशे डिग्री वाढ.

बर्नर कुठे बसवायचा हे याच आकड्यावर ठरतं. स्टॅकच्या तोंडाशीच, ७०० डिग्रीला बसवला तर बाहेर ९३० डिग्री येणार. चालतं, पण काठावर. कॅटॅलिस्टचा जो अल्युमिनाचा थर असतो तो १००० डिग्रीच्या पुढे गेला की त्याची बारीक भोकं मिटत जातात आणि ते परत उघडत नाहीत, प्लॅटिनमचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात ते वेगळंच. नैसर्गिक वायूचा रिफॉर्मर तापवायचा असेल तर नाइलाज आहे, त्याला ७००-७५० डिग्री लागतात, मग हीच जागा. पण नुसत्या हायड्रोजनवर असाल तर माझं मत स्पष्ट आहे, आधी दोन्ही एक्झॉस्ट हीट एक्स्चेंजरमधून न्या, येणारी हवा आणि इंधन त्यावर तापवा, मग ४०० डिग्रीला बर्नरमध्ये सोडा. बाहेर ६४० च्या आसपास येतं, साध्या मटेरियलमध्ये भागतं, आणि चुकलं तरी सावरायला जागा राहते.

आकार काढायचा तर ताशी गॅस किती आणि विटेचं आकारमान किती याचं गुणोत्तर बघतात, जीएचएसव्ही म्हणतात त्याला. ३०,००० धरा. ९० लिटर मिनिटाला म्हणजे ताशी ५,४०० लिटर, भागिले ३०,००० केलं की आले १८० मिलिलिटर. ६० मिलिमीटर व्यासाची, साडेसहा सेंटिमीटर लांबीची वीट, हातात मावेल एवढी. एवढ्याशा वस्तूसाठी एवढी उठाठेव का असं वाटेल, थांबा, खाली येतोय त्यावर. रिफॉर्मर असेल आणि मिथेन थोडा सुटत असेल तर वीट दीडपट-दुप्पट घ्या आणि त्यात पॅलॅडियम मागा, कारण मिथेन हट्टी आहे, त्याला पॅलॅडियमवरही ३५०-४५० डिग्री लागतात तेव्हा कुठे तो पेट घेतो. हायड्रोजनला प्लॅटिनमवर खोलीचं तापमानही पुरतं.

मिक्सिंग, इथेच बहुतेक जण फसतात

वीट कितीही चांगली आणा, गॅस आणि हवा नीट मिसळल्या नसतील तर एका बाजूला हायड्रोजन जास्त, तिथे हॉटस्पॉट, बाकी वीट थंड. इंधन एका भोकातून नका सोडू. आडव्या नळीला बारीक भोकं पाडून हवेच्या प्रवाहात आडवं सोडा, मागे भोकांची एक प्लेट, मग थोडं मोकळं अंतर, मग वीट. तपासायला सोपा उपाय म्हणजे विटेच्या मागे तीन थर्मोकपल (तापमान मोजायच्या तारा), मध्ये एक, कडेला दोन. कडेचे दोन एकमेकांपासून ३० डिग्रीपेक्षा जास्त लांब असतील तर मिक्सिंग बिघडलंय, बाकी काही शोधत बसू नका. मधलं थोडं जास्त असणारच, कडेने उष्णता जाते.

पण उलट बाजू अशी की मिसळल्यावर जास्त वेळ घालवायचाही नाही. हायड्रोजन हवेत ५५०-६०० डिग्रीच्या आसपास आपोआप पेटतो, त्यामुळे ७०० डिग्रीचे दोन गॅस मिसळले की ते विटेपर्यंत वाट बघत नाहीत, मिक्सरमध्येच पेटतात. मग भोकांची प्लेट लाल होते आणि वाकते. ४०० डिग्रीवाला पर्याय मला आवडतो त्याचं अर्धं कारण हे आहे.

थर्मोकपल के-टाइप चालेल, इनकोनेलच्या आवरणातलं. प्लॅटिनमवालं उघडं थर्मोकपल मात्र इथे लावू नका. ते स्वतःच कॅटॅलिस्ट आहे, त्याच्या टोकावर हायड्रोजन जळतो आणि ते गॅसचं नाही, स्वतःचंच तापमान सांगत बसतं. आम्ही एकदा दोन दिवस विटेच्या आधीचं तापमान जास्त का येतंय म्हणून डोकं खाजवत होतो, ते हे.

बॉडी

डबा कोणताही चांगला टिग वेल्डिंगवाला करून देतो. मी भोसरीतून करून घेतला, ड्रॉइंग दिल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला "सायलेन्सर आहे का?" आणि एका अर्थाने बरोबरच होता. पत्रा एसएस ३१० घ्या. ३०४ स्वस्त पडतं पण ८५०-९०० च्या वर गेलं की पापुद्रे सुटतात आणि ते पुढच्या हीट एक्स्चेंजरच्या बारीक फटींत जाऊन बसतात. वेल्ड करताना आतून आर्गॉन सोडायला सांगा, सांगितलं नाही तर कोणी करत नाही.

वीट डब्यात थेट कोंबायची नाही. स्टील फुगतं जास्त, सिरॅमिक फुगतं कमी, गरम झाल्यावर वीट सैल होऊन खडखडते किंवा गॅस कडेने निसटतो. मध्ये फायबर मॅट गुंडाळतात. यात दोन जाती आहेत, एक वर्मिक्युलाइटवाली जी तापल्यावर फुगते, ती गाड्यांसाठी ठीक, पण साधारण ७५० च्या पुढे कायम ठेवली तर तिची जान जाते. जास्त तापमानाला अल्युमिना फायबरची न फुगणारी मॅट घ्या. कापताना मास्क लावा, हे धागे छातीत जायला नकोत.

प्रेशर ड्रॉप तपासाच. स्टॅकच्या काचेच्या सीलना मागून दाब आवडत नाही. बर्नरचा ड्रॉप मी ५ ते १० मिलीबारच्या आत ठेवतो. महागडं मीटर नसेल तर पारदर्शक नळीचा यू करून त्यात रंगीत पाणी भरा, १ मिलीबार म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी, डोळ्यांनी दिसतं. आकडा हळूहळू चढत असेल तर समजा विटेत काहीतरी अडकतंय.

चालू करताना

स्टॅकला जोडायच्या आधी बर्नर एकटा चालवून बघा. ब्लोअरची हवा, हीटरने गरम केलेली, आणि सिलिंडरमधून मोजून हायड्रोजन, अर्ध्या टक्क्यापासून सुरू करून हळूहळू ३ टक्क्यांपर्यंत. प्रत्येक पायरीला तापमान १ टक्क्यामागे ७०-८० ने चढतंय का बघा. कमी चढत असेल तर एकतर गळती किंवा कॅटॅलिस्ट झोपलाय.

खरं तर हायड्रोजन थंड विटेवरही पेट घेतो, मग गरम कशाला करायचं? कारण स्टॅकमधून येणारी वाफ. थंड विटेवर ती पाणी होऊन भोकांत साचते आणि मग प्लॅटिनमपर्यंत काही पोचतच नाही. १५० डिग्रीपर्यंत नुसत्या गरम हवेने आणा. रिफॉर्मेट, म्हणजे रिफॉर्मरमधून आलेला, गॅस असेल तर २५० पर्यंत, कारण कार्बन मोनॉक्साइड थंड प्लॅटिनमला चिकटून बसतो आणि दुसऱ्या कोणाला जागाच देत नाही, एसटीत खिडकीशी रुमाल टाकल्यासारखा. क्रम कायम तोच ठेवायचा, हवा आधी, गरम मग, इंधन सगळ्यात शेवटी. बंद करताना उलटा, इंधन आधी बंद, हवा शेवटी. आणि थंड होताना २०० च्या खाली कार्बन मोनॉक्साइड निकेलजवळ राहू देऊ नका, निकेल कार्बोनिल तयार होतं आणि ते भयंकर विषारी आहे. त्याच्या आधीच नायट्रोजन सोडून लाइन धुवून घ्या.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला असेल तर एक माहीत असू द्या, साधे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हायड्रोजनलाही कार्बन मोनॉक्साइड समजतात. नुसत्या हायड्रोजनवर चालवताना अलार्म ओरडला की लोक म्हणतात सेन्सर खराब. खराब नाही, तुमचा हायड्रोजन गळतोय.

लोड ट्रिप झाला तर

आता ती उठाठेव कशाला ते. वरची सगळी आकडेमोड स्टॅक शहाण्यासारखा चालू असताना आहे, आणि बर्नर त्यावर कोणीही डिझाइन करतो. बर्नर मरतो तो वाईट दिवशी.

आमची पहिली वीट अशी गेली. तेव्हा बर्नर स्टॅकच्या तोंडाशी होता, ७०० डिग्रीला. दुपारी इलेक्ट्रॉनिक लोडचा, म्हणजे स्टॅकमधून करंट ओढणाऱ्या यंत्राचा, एमसीबी पडला. ब्लोअर यूपीएसवर, तो चालू. हायड्रोजनचा व्हॉल्वही चालू. करंट शून्य झाला म्हणजे स्टॅकने हायड्रोजन खाणं थांबवलं आणि २.९ लिटरऐवजी पूर्ण ११.६ लिटर बर्नरवर आले. चौपट इंधन, ५२० वॉटचे दोन हजारांवर वॉट, तापमानवाढ सव्वादोनशेची साडेआठशेच्या वर. ७०० मध्ये ते मिळवा. विटेचं कॉर्डिएराइट १४५० च्या आसपास वितळतं. मी चहा घेऊन परत येईपर्यंत काम झालं होतं. दुसऱ्या दिवशी फ्लँज उघडली तर विटेच्या कडा शाबूत, आणि मध्ये गुळाचा पाक ओतून गार झाल्यासारखा चकचकीत तपकिरी खड्डा. स्टॅक वाचला हे नशीब.

तेव्हापासूनचे माझे नियम. हायड्रोजनचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व) नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे वीज गेली की आपोआप बंद. नायट्रोजनचा नॉर्मली ओपन, म्हणजे वीज गेली की आपोआप सुरू. दोन्हीला यूपीएस लावायचा नाही, ब्लोअरला मात्र लावायचा. करंट अचानक पडला की कंट्रोलरने माणसाची वाट न बघता इंधन तोडायचं आणि निकेल वाचवायला ५ टक्के हायड्रोजनवाला नायट्रोजन सोडायचा. बर्नरनंतरचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं तरी तेच, आणि हा ट्रिप सॉफ्टवेअरमध्ये नको, वेगळ्या रिलेवर हवा. ब्लोअर बंद पडला तर इंधन तोडायचं हे तर आहेच, पण ब्लोअर परत आला म्हणून लगेच परत पेटवायला जाऊ नका, पाइपात साचलेला हायड्रोजन आणि ताजी हवा आणि गरम प्लॅटिनम एकत्र आले तर डोबेरायनरचा लायटर होतो. आधी दहा मिनिटं नायट्रोजन.

हे सगळं लिहून झालं की मुद्दाम लोडचा एमसीबी पाडून बघा. स्टॅक अर्ध्या लोडवर असताना, दोन माणसं हजर ठेवून. कागदावर चालणारं इंटरलॉक (आपोआप इंधन तोडणारी व्यवस्था) आणि खरं चालणारं इंटरलॉक यात किती सेकंदांचा फरक असतो ते त्याशिवाय कळत नाही. आमच्या पहिल्या चाचणीत व्हॉल्व बंद होऊनसुद्धा तापमान चढतच राहिलं, कारण व्हॉल्व स्टॅकपासून चार मीटर लांब आणि मधल्या पाइपातला हायड्रोजन शिल्लक. व्हॉल्व जवळ आणला, प्रश्न मिटला.

कॅटॅलिस्ट कशाने मरतो तर मुख्यतः गंधकाने, पॅलॅडियम जास्त लवकर. नैसर्गिक वायूत आणि एलपीजीमध्ये वासासाठी गंधकाचं रसायन घातलेलं असतं, ते आधी काढायलाच हवं, तसंही स्टॅकसाठी काढावंच लागतं. दुसरा चोर सिलिकॉन सीलंट. कोणीतरी उत्साहाने फ्लँजला आरटीव्ही लावतो, त्याची वाफ विटेवर जाऊन काचेसारखा थर देते. जोडांना ग्रॅफाइट किंवा माइकाची गॅस्केट, ट्यूब घरी ठेवा. ग्रॅफाइट हवेत ४५० च्या पुढे जळायला लागतं, म्हणून गरम टोकाला माइका.

आणि मग ती उष्णता

रिफॉर्मर नसेल तर शेवटी बहुतेक लोक पाणीच तापवतात. जपानमध्ये २००९ पासून एने-फार्म नावाने घरगुती फ्युएल सेल विकतात ते याच तत्त्वावर, वीज वापरा आणि उरलेल्या उष्णतेने टाकीतलं पाणी गरम. आपल्या ५२० पैकी ४०० वॉट पाण्यात गेले धरा, तर १५ लिटरची बादली २५ वरून ४५ डिग्रीला यायला पाऊण तासाच्या वर, जवळजवळ तास. एका बादलीला तास म्हणजे काही नाही असं वाटतं, पण स्टॅक दिवसभर चालतो, आणि स्टॅकची स्वतःची उष्णता यात धरलेलीच नाही.

एक शेवटचा फायदा फुकट मिळतो. या एक्झॉस्टमध्ये १३ टक्के वाफ असते, ती ५१ डिग्रीच्या खाली थंड झाली की पाणी होते आणि होताना लपलेली उष्णता देते. म्हणून हीट एक्स्चेंजरमध्ये पाणी उलट दिशेने सोडा, गार नळाचं पाणी एक्झॉस्टच्या गार टोकाकडून. टाकीतलं ५५ डिग्रीचं पाणीच परत परत फिरवत बसलात तर हे मिळणार नाही. सगळ्यात खालच्या जागी ड्रेन ठेवायला विसरू नका आणि त्याला यू-ट्रॅप द्या, पाण्याने भरलेला, नाहीतर एक्झॉस्ट तिथूनच खोलीत येतो. ट्रॅप सुरू करायच्या आधी हाताने भरावा लागतो, पहिल्या दिवशी हमखास कोरडा असतो.